माझं नाव कुणाच्या कार्डावर?

आई गेल्यावर दोन महिन्यांनी मी चर्चच्या ऑफिसात फॅमिली कार्ड, म्हणजे चर्चकडची आमच्या कुटुंबाची नोंद, बदलून घ्यायला गेले. तिचं नाव कमी करायचं होतं, एवढंच. तिथल्या ताईंनी रजिस्टर उघडलं, कुटुंबप्रमुखाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि आपुलकीनेच विचारलं, "मग तुझं नाव आता भावाच्या कार्डावर घेऊ का?"

भाऊ नऊ वर्षं कॅनडात आहे. वसईतलं हे घर मी चालवते. आईचं आजारपण मी काढलं, विरार लोकलने रोज अंधेरीला जाऊन-येऊन. माझं वय ४३. ताईंचा मला राग नाही, रकाने त्यांनी आखलेले नाहीत. पण घरी येऊन मी बराच वेळ ते कार्ड हातात धरून बसले.

मग ऑक्टोबर आला, रोझरीचा म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. पवित्र मरियेची मूर्ती घरोघर फिरते त्या यादीत आमचं घर नव्हतं. विचारलं तर उत्तर आलं, "तू एकटीच, कामावरून दमून येतेस, तुला कशाला त्रास?" हेही काळजीपोटीच. पण आई होती तेव्हा मूर्ती दरवर्षी यायची, आणि तेव्हाही फुलं, मेणबत्त्या, चहा सगळं मीच करायचे. आई तर शेवटची दोन वर्षं खाटेवरच होती.

आपल्याकडे तिशीपर्यंत युवा संघ असतो. लग्न ठरलं की लग्नतयारीचं शिबिर, मग जोडप्यांसाठी शिबिरं, मग मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिला ख्रिस्तप्रसाद. माणूस एका दारातून दुसऱ्या दारात जातो. ज्याचं लग्न झालं नाही, किंवा झालं आणि टिकलं नाही, तो तिशीनंतर अंगणातच राहतो. अशी माणसं थोडी नाहीत. आईवडिलांना सांभाळताना वय निघून गेलेल्या नर्सबाई, शिक्षिका. आखातात पंधरा वर्षं काढून, बहिणींची लग्नं लावून परत आलेले भाऊ. हे सगळे रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला येतात, बहुतेक मागच्या बाकावर बसतात. सणाच्या आदल्या रात्री सजावटीला कोण थांबेल म्हटलं की पहिला फोन यांनाच येतो, 'तुला काय, घरी कुणी वाट बघत नाही.' हे वाक्य कृपा करून कुणी कुणाला म्हणू नका.

चर्चची शिकवण आपल्यापेक्षा मोठ्या मनाची आहे. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथात कुटुंबाबद्दल सांगून झाल्यावर १६५८ क्रमांकाचा परिच्छेद येतो. अविवाहित माणसं, पुष्कळदा स्वतःच्या इच्छेने तशी न राहिलेली, येशूच्या हृदयाच्या विशेष जवळ आहेत आणि घरांची व चर्चची दारं त्यांना उघडी असली पाहिजेत, असं तिथे म्हटलं आहे. हा परिच्छेद मी आजवर एकाही प्रवचनात ऐकला नाही. आणि बायबलमधलं बेथानी गावातलं घर बघा. मार्था, मरिया, लाझरस, तिघं भावंडं. त्यांच्या नवऱ्या-बायकोचा शुभवर्तमानात उल्लेख नाही. येशू हक्काने जेवायला जायचा ते हे घर. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलैचा मार्थाचा स्मरणदिन तिन्ही भावंडांच्या नावे केला. पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण जोडप्यांना उभं करून आशीर्वाद देतो, तो जरूर द्यावा. २९ जुलैला बेथानीसारख्या घरांनाही द्यावा.

आपल्या मासिकांकडून आणि यूट्यूबवरच्या प्रवचनांकडूनही मला हेच हवं आहे. फादर दिब्रिटो संपादक असताना 'सुवार्ता' मासिकाने चर्चच्या आवाराबाहेरचे कितीतरी विषय मराठी वाचकापुढे आणले. त्याच धिटाईने कुणीतरी लिहावं की म्हातारपणी एकट्या माणसाला दवाखान्यात कोण नेणार, घर कुणाच्या नावे करायचं, नाताळच्या रात्री मिस्सा संपल्यावर कुलूप उघडून आत शिरताना काय वाटतं. लग्न जुळवण्याच्या जाहिराती आम्ही वाचून झालो आहोत. आणि पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळावर, एखादी जागा अशाही माणसाला द्या, खुर्च्या मांडण्यापलीकडचं कामही आम्हाला जमतं.

कार्ड मी परत नेलं. ताईंनी जुना रकाना तसाच ठेवून कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव लिहिलं. खाली एकही नाव नाही, तरी शिक्का मारला.

यंदा ऑक्टोबरात मूर्ती माझ्याकडे येणार आहे, आमच्या भागातल्या प्रार्थना-समूहाच्या ताईंशी बोलणं झालंय. संध्याकाळी साडेसातला, मी त्या दिवशी लवकरची गाडी पकडीन. आसपासच्या वाड्यांतून जे कुणी एकटे असाल, ते या. खुर्च्या कमी पडल्या तर शेजारून आणू.