सिंक बटणावरून भांडणं पुरे, समोरच्या डान्स फ्लोअरकडे बघा

चार डीजे जमले की सिंक बटणाचा, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणाऱ्या बटणाचा, विषय निघतोच. एक म्हणतो, कानाने बीट जुळवता येत नसेल तर तू डीजे कसला? दुसरा म्हणतो, मशीन करतंय ते हाताने कशाला करायचं? आणि मग दोघं मिळून लग्नात, वाढदिवसाला वाजवणाऱ्या मोबाइल डीजेला खालच्या पायरीवर बसवतात. हे मला अजिबात मान्य नाही, म्हणून ही पोस्ट.

११ ऑगस्ट १९७३ ही तारीख हिप-हॉपचा वाढदिवस मानली जाते. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, एका रहिवासी इमारतीच्या हॉलमध्ये, डीजे कूल हर्क बहिणीच्या पार्टीत वाजवत होता. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाणं थांबून नुसते ड्रम्स उरतात त्या तुकड्याची, ब्रेकची, नाचणारी पोरं वाट बघतात. तो तुकडा तर काही सेकंदांत संपतो. मग हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो लांबवू लागला. त्याची जोडणी काटेकोर नव्हती, ती सफाई पुढे ग्रँडमास्टर फ्लॅश या डीजेने आणली. पण कल्पना सुचली ती नाचणाऱ्यांकडे बघून. आणि स्वतःचे स्पीकर घेऊन हॉलमध्ये, बागेत जाऊन वाजवणारा हर्क आजच्या भाषेत मोबाइल डीजेच होता!

मग बीटमॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं, शिकायचं नाही का? शिकायचं, आणि कानानेच शिकायचं. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा गाण्याचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच धरून चालतं. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमवर हाडामांसाचा माणूस असतो, तो कधी जरा पुढे पळतो, कधी मागे रेंगाळतो, आणि सिंक घसरतं. कधी १४० बीपीएमचं (मिनिटाला १४० ठोक्यांचं) गाणं सॉफ्टवेअर ७०चं समजतं. अशा वेळी फक्त कानच उपयोगी पडतात.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे गाणं कुठे आणायचं. डान्स ट्रॅक बहुधा ३२ बीटच्या टप्प्यांत बांधलेला असतो. १२८ बीपीएमला असा एक टप्पा १५ सेकंदांचा. टप्प्याच्या अधेमधे दुसरा ट्रॅक घुसवला, तर बीट तंतोतंत जुळूनही कानाला खटकतं. दोन्ही ट्रॅकचा बेस एकदम वर ठेवला तर नुसता गदारोळ. एकाचा बेस काढून दुसऱ्याचा नेमक्या बीटला आणणं, यात मला खरा हात दिसतो.

तरीही मिक्सिंग, म्हणजे एका गाण्यात दुसरं मिसळणं, हेच सर्वस्व नव्हे. डेव्हिड मॅन्कुसो या डीजेने १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या राहत्या जागेत 'द लॉफ्ट' नावाच्या नाचाच्या पार्ट्या सुरू केल्या. पुढे त्याने मिक्सिंग सोडूनच दिलं. रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजायची, मग दुसरी. तरी लोक रात्रभर नाचायचे, कारण कशानंतर काय लावायचं याची त्याला विलक्षण जाण होती आणि आवाजाच्या दर्जाबाबत तो कमालीचा आग्रही होता. (मिक्सरचे लाल दिवे पेटवून, आवाज फाटेपर्यंत वाजवण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

क्लबमध्ये लोक त्या संगीतासाठीच येतात. साउंड सिस्टिम बसवलेली असते, आधीच्या डीजेने फ्लोअर तापवलेला असतो. तिथे तासन् तास एक धागा न तुटू देणं सोपं नाही, त्याबद्दल मला आदरच आहे. पण मोबाइल डीजेसमोर आजी, शाळकरी पोरं आणि ऑफिसातले सहकारी एकाच हॉलमध्ये असतात, आणि ते त्याच्यासाठी आलेले नसतात. स्पीकर कुठे ठेवले तर जेवणाऱ्यांना बोलता येईल, माइक शिटी का मारतोय, भाषण लांबलं तर काय, लॅपटॉप बंद पडला तर दुसरं काय तयार आहे, हे सगळं त्याच्याच डोक्यावर. एवढं सांभाळून त्याला दर गाण्याला ठरवायचं असतं, की आता कोणाला उठवायचं आणि कोणाला बसू द्यायचं. फर्माइश आली तर ती लगेच लावायची, दोन गाण्यांनंतर, की गोड बोलून टाळायची, हा निर्णयही कसबाचाच.

पुढच्या वेळी कार्यक्रमासाठी डीजे ठरवताना त्याच्याकडे कोणतं कंट्रोलर (गाणी वाजवायचं यंत्र) आहे ते नंतर विचारा. आधी विचारा, फ्लोअर अचानक रिकामा झाला तर तुम्ही काय करता? ज्याने ते खरंच सांभाळलंय, तो तुम्हालाच उलट प्रश्न विचारू लागेल: पाहुणे कोण आहेत, कोणत्या वयाचे, जेवण किती वाजता?