आयत्या कणकेविषयी: आपल्या अभिप्रायास उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी विश्रामबागेत झालेल्या आमच्या पुरणपोळीच्या वर्गाला आपण दोन तारे देऊन जो अभिप्राय लिहिला आहे, तो मी वाचला. खरे सांगायचे तर तीनदा वाचला. तीन तासांत आपल्या वाट्याला दोनच पोळ्या लाटायला आल्या, याबद्दल मी क्षमा मागते. त्या दिवशी दहा जणी होत्या आणि तिसरी शेगडी ऐन वेळी धड पेटेना. ही चूक सर्वस्वी आमची आहे.

मात्र ‘स्वतःच्या हाताने करायला शिकवतो म्हणतात आणि आयती कणीक, आयते पुरण पुढे ठेवतात, ही शुद्ध फसवणूक आहे’ हे आपले वाक्य मनाला लागले, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

चपातीची कणीक भिजवली आणि घटकाभराने लाटली तरी चालते. पुरणाच्या पोळीचे तसे नाही. सपीट चाळून, मीठ आणि चिमूटभर हळद घालून ते पुष्कळ सैल भिजवावे लागते, तेलाच्या हाताने तिंबावे लागते आणि निदान दोन तास झाकून ठेवावे लागते. तेवढ्या वेळात पिठातला चीक पाणी पिऊन सैलावतो, आणि मगच कणकेच्या दीडपट पुरण भरले तरी पोळी न फाटता काठापर्यंत सरकते. अर्ध्या तासाची कणीक लाटताना आखडते, पोळी मध्येच फुटते, पुरण तव्यावर जळते आणि शिकणारीला वाटते की आपल्या हातालाच गुण नाही. वर्गाची वेळ दहा ते एक आहे. दहाला भिजवलेलीच कणीक लाटायची ठरवली, तर पहिली पोळी तव्यावर पडायला सव्वाबारा वाजतील. मग दहा जणींनी उरलेल्या पाऊण तासात काय करावे? म्हणून लाटायची कणीक मी सकाळी साडेसातला भिजवून ठेवते, आणि वर्ग सुरू होताच प्रत्येकीला वाटीभर सपीट देऊन तिची तिची कणीक वेगळी भिजवायला लावते. ती प्रत्येकीने डब्यातून घरी न्यायची असते, म्हणजे त्याच संध्याकाळी कोणी शेजारी उभे नसताना पोळी करून पाहता येते.

आपण त्या दिवशी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आलात. तासगावची एसटी चुकल्याचे आपण आल्या आल्या सांगितले होते आणि ‘काही हरकत नाही’ असे मीच म्हणाले होते, तेव्हा आता तो विषय काढणे शोभत नाही, हे मला कळते. पण आपले मोजून ठेवलेले सपीट परातीत तसेच होते, आणि ‘आता थेट लाटायलाच घेऊ’ हे शब्द आपले होते. पुरणाचेही तसेच झाले. आपण येण्यापूर्वी डाळ शिजून कट निघाला होता. पुढे डाळीत वजनाला वजन गूळ घालून ती आटवली, आणि मध्ये खोचलेले उलथने न पडता उभे राहते का, हे दाखवायला मी सगळ्यांना शेगडीपाशी बोलावले, तेव्हा आपण बाहेर फोनवर बोलत होतात. फोन महत्त्वाचाच असेल. पुरण मात्र गरम असतानाच यंत्रातून काढावे लागते, निवले की दांडा फिरता फिरत नाही, त्यामुळे कोणासाठीही थांबता येत नाही.

१,२०० रुपयांत चाळीस पोळ्या विकत आल्या असत्या, असेही आपण लिहिले आहे. येतील, आमच्याच गल्लीत एक काकू करून देतात आणि माझ्यापेक्षा पातळ करतात. आम्ही पोळ्या विकत नाही. त्या शुल्कात जिन्नस, तूप, गॅस, मदतनीस वहिनींचा रोज आणि येळवणीच्या, म्हणजे डाळीच्या कटाच्या, आमटीसह जेवण एवढे सगळे येते, आणि माझ्या हाती काय उरते ते मी इथे लिहीत नाही.

आपल्या सांगलीकडे नुसते ‘पोळी’ म्हटले तरी पुरणाचीच समजतात, तरी ती आयुष्यात एकदाही केली नाही अशा सुना आणि लेकी होळीच्या तोंडावर आमच्याकडे येतात. होळीआधीचे तीन-चार रविवार हाच आमचा हंगाम. आपला अभिप्राय आल्यापासून दोघींनी नाव मागे घेतले. याचा दोष मी आपल्याला देत नाही, पण ‘फसवणूक’ हा शब्द आपण एकवार पुन्हा वाचून पाहावा, एवढी विनंती आहे.

जाहिरातीत ‘पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने’ असे छापले आहे, ते मलाही आता नेमके वाटत नाही. त्यात बदल करू. शेगडीचेही बघतो आहोत, आणि संख्येविषयी काही ठरवावे असा विचार आहे. येत्या रविवारी आपण पुन्हा आलात, तर शुल्क घेणार नाही आणि आपली परात मांडून ठेवीन. फक्त दहाच्या आत यावे.

आपली नम्र,
वर्गसंचालिका, विश्रामबाग, सांगली