तीनच पिल्लं दिसली म्हणे!

आज सकाळी लिफ्टमध्ये आमच्या बिल्डिंगमधले एक सद्गृहस्थ भेटले. नुकतेच कोकणातल्या वेळासचा कासव महोत्सव, म्हणजे अंड्यातून निघालेली कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायचा सोहळा, बघून आलेले. मी उत्साहानं विचारलं, कसा झाला? तर म्हणाले, "कसला काय! तीनच पिल्लं. पोरांना एवढ्या लांब गाडीत कोंबून नेलं, राहण्या-जेवणाचे पैसे वेगळे. काही वसूल नाही झालं बघा." वयानं मोठे आहेत म्हणून तळमजल्यापर्यंत गप्प बसलो. पण तेव्हापासून डोकं जे तापलंय ते तापलंय.

वसूल? अंड्यांच्या खड्ड्यावर झाकलेल्या टोपलीखालून पिल्लू बाहेर येणं म्हणजे काय नाटकाचा प्रयोग आहे, की तिसरी घंटा झाली आणि पडदा वर? ४५ ते ६० दिवस अंडी वाळूच्या उबेवर असतात. ऊब जास्त झाली तर माद्या जास्त, कमी झाली तर नर. त्यांची वेळ झाली की ती येतात. तुमच्या शनिवार-रविवारशी त्यांना काय देणंघेणं?

माझा मामा हर्णै बंदरातला. स्वतःची होडी, स्वतःच तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. शाळेत असताना सुट्टीत मी हट्टानं त्याच्यासोबत समुद्रावर गेलो होतो. पहाटे जाळं ओढताना भलतंच जड लागलं. वर आलं ते कासव, पुढचे दोन्ही पाय नायलॉनमध्ये करकचून अडकलेले. खलाशी सोडवायला बघत होते, गुंता सुटेना. शेवटी मामानं सुरी काढली आणि जाळं कापलं. कापताना तोंडानं अखंड शिव्या चालू होत्या, जाळ्याला, कासवाला आणि मध्ये मध्ये मलाही. जाळं नवं होतं, कर्जाचे हप्ते चालू होते. घरी आल्यावर मामीनं नुकसान किती झालं ते विचारलंच नाही. "नारळ वाहिलात काय?" एवढंच विचारलं.

त्याचे पैसे कुणी वसूल केले?

आता २०१८ पासून सरकार जाळं कापून कासव सोडणाऱ्याला जास्तीत जास्त २५,००० रुपये भरपाई देतं. चांगलं आहे. पण फोटो काढा, अर्ज करा, मग वाट बघा. मामाच्या वेळी तेवढंही नव्हतं, आणि हात ओले, होडी हलतेय, अशात सुरी धरायची की मोबाइल?

वेळासचंही तेच. पूर्वी तिथली अंडी माणसंच उकरून न्यायची, उरलेली कुत्री आणि कोल्हे खायचे. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेनं गावाला सोबत घेऊन काम उभं केलं, म्हणून तुम्हाला ती तीन तरी दिसली. पहाटे अंधारात कासवमित्र किनारा चालतात, मादीच्या सरपटण्याची खूण शोधतात, कुत्र्यांच्या आधी अंडी उचलून हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. हंगामापुरत्या मानधनावर. 'वसूल'चा हिशेब त्यांना मांडू दे की एकदा!

बरं, अंडी घालणारी ती कासवाची मादी येते कुठून तेही ऐका. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये एका मादीच्या पायाला नंबराचा बिल्ला लावला होता. २०२५ च्या जानेवारीत ती आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनारा सोडून पश्चिम किनारा, सुमारे साडेतीन हजार किलोमीटर. १२० अंडी घातली. 'बागेश्री' नावाची दुसरी मादी तर उलटी गेली. गुहागरला तिच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर लावून सोडली, ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात. हे वाचलं तेव्हा, खरं सांगतो, घशात काहीतरी आलं होतं. मामानं सोडलेलं ते कुठे गेलं असेल, हा विचार मनात आलाच.

आणि एवढा समुद्र तुडवून आल्यावर तिला हवं काय असतं? तासभर अंधार आणि थोडी कोरडी वाळू. तेवढंही आपण ठेवत नाही. समोर रिसॉर्टचे दिवे. पिल्लं उजेडाकडे वळतात, म्हणजे समुद्राऐवजी तुमच्या बार्बेक्यूकडे. जिथे रिकामा किनारा होता तिथे धूपप्रतिबंधक बंधारे. आणि उरलेल्या वाळूवर मुंबई-पुण्याच्या एसयूव्ही, हेडलाइट लावून गरागरा फिरवून रील. खाली अंडी असतील हे डोक्यातच येत नाही, कारण डोकं पार्किंगमध्ये ठेवून आलेले असतात!

हो, मान्य, पर्यटनानं गावात चार पैसे येतात. होम-स्टेवर घरं चालतात, माझ्या नात्यातलीही. आणि कमेंटमध्ये कुणी लिहिणारच, "कासवं तर मच्छीमारांच्या जाळ्यात मरतात." मरतात. ट्रॉलरच्या जाळ्यात जास्तच. पण मामाच्या होडीवर त्या पहाटे जे झालं ते मी पाहिलंय, त्यामुळे हे मला एसी गाडीतून कुणी शिकवायला येऊ नका.

असो. आमच्या फॅमिली ग्रुपवर शिमग्याला हर्णैला जायचा बेत शिजतोय, चार गाड्या. मी तिथेही लिहून टाकलंय, गाड्या बंदराजवळ लावायच्या. वाळूत घातलीत आणि भरतीत अडकलात तर ट्रॅक्टरसाठी मला फोन करायचा नाही. मामाला तर मुळीच नाही, तो अजूनही तशाच शिव्या देतो.