आधी ॲडमिशन मिळू दे, मग बघू

आज सकाळी सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकलं आणि तेव्हापासून डोकं तापलंय. दुपारी जेवणही धड गेलं नाही. लिहून टाकते.

विषय साधा होता. गणपतीच्या वर्गणीतले पैसे यंदा बऱ्यापैकी शिल्लक आहेत. आपल्या बिल्डिंगमध्ये पाच-सहा घरी पोळ्या करायला ताई येतात, त्यांची धाकटी यंदा दहावीला ८९ टक्के मिळवून पास झाली. तिला सायन्स घ्यायचंय, इंजिनीअरिंगला जायचंय. मी म्हटलं, सीईटीच्या, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासचा पहिला हप्ता आपण भरू. तर एक काका म्हणाले, "आधी ॲडमिशन तर मिळू दे, मग बघू. सत्कार करू आपण तिचा, पाकीट देऊ." माना डोलल्या. चहा आला आणि लिफ्टच्या मेन्टेनन्सचा विषय सुरू झाला.

मला फक्त एवढंच विचारायचंय. तिथे बसलेल्यांपैकी एकाने तरी आपल्या पोराला म्हटलंय का, की आधी ॲडमिशन मिळव, मग क्लासची फी भरतो? माझा मुलगा इथे ठाण्यात, नौपाड्यातल्या क्लासला दोन वर्षं जात होता. अकरावीचं कॉलेज सुरू व्हायच्या आधी आम्ही फी भरून मोकळे झालो होतो. टेस्ट सिरीजचे पैसे वेगळे, अभ्यासिकेचे वेगळे. आधी लायकी दाखव, असं त्याला कुणी म्हटलं नाही. मग ताईंच्या मुलीलाच का?

आणि हे मी हवेत बोलत नाहीये. ताईंच्या थोरलीचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

लोकमान्य नगरला पाड्यात राहतात ते. एक खोली, वर पत्रा, त्यात पाच माणसं आणि टीव्ही. थोरली महापालिकेच्या मराठी शाळेतली. दहावीला ८६ टक्के. सायन्सला गेली आणि सगळं एकदम इंग्रजीत आलं. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी, अकरावीत तोंड उघडेना. क्लासवाल्यांनी फी सांगितली दीड लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पोळ्या लाटून पैसे जोडणाऱ्या बाईलाही तेवढाच जीएसटी आणि पोखरण रोडला तीन बेडरूमचा फ्लॅट असलेल्यालाही तेवढाच. अर्थातच क्लास लावला नाही. जुनी पुस्तकं आणि आईच्या मोबाइलवर यूट्यूब, तेही आई कामावरून आल्यावर.

सीईटी कॉम्प्युटरवर असते. थोरलीने तोपर्यंत माउस हातात धरलेला नव्हता. परीक्षेच्या आधी ती आमच्याकडे यायला लागली, मी लॅपटॉपला जुना माउस जोडून दिला. ती स्क्रीनकडे बघायचीच नाही, हाताकडे बघायची. माउस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला न्यायची आणि तिथे अडकायची. बाण अजून अर्ध्या स्क्रीनवर. उचलून परत मध्ये ठेवायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं, कोण सांगणार? पहिल्या पेपरात फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. निगेटिव्ह मार्किंग नसतं, म्हणजे येत नसलं तरी काहीतरी टिकमार्क करून यायचं. तिचे कितीतरी प्रश्न कोरे राहिले, कारण तिथे पोचायच्या आत वेळ संपला.

५८ पर्सेंटाइल. आणि घरीदारी सगळ्यांनी ठरवलं की पोरगी दहावीपुरतीच हुशार होती.

आज ती मॉलमध्ये कपड्यांच्या काउंटरला उभी असते. मी तिकडे जायचंच टाळते.

आता कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, की सरकार किती देतं. देतं. जुलै २०२४ मध्ये निर्णय झाला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी शंभर टक्के माफ. उत्तम निर्णय, मी तेव्हा पोस्टही शेअर केली होती. पण ही माफी कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश मिळाल्यानंतरची. थोरली त्या दारापर्यंत पोचलीच नाही. दाराच्या आतलं सगळं फुकट आणि दारापर्यंतचा रस्ता आपापल्या पैशाने, असा प्रकार आहे हा.

फी प्रतिपूर्तीची जुनी योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. तीही प्रवेशानंतरच. शाहू महाराजांनी कोल्हापुरात काय केलं होतं? १९०१ पासून एकेक वसतिगृह उभं केलं. पोरांना आधी राहायला जागा, आधी पोटाला अन्न, मग शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं, त्या मुलांच्या निकालाची वाट बघत बसल्या नाहीत. आपल्याकडे ही रीतच होती. ती गेली कुठे?

बरं, महाज्योती ही राज्य सरकारची संस्था आहे. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना सीईटी, जेईई, नीटचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण, वर टॅब आणि रोज ६ जीबी डेटा. हे मात्र आधी मिळतं, मान्य. पण थोरलीचं तिथेही अडलं. जातीचा दाखला पाहिजे. ओबीसीच्या दाखल्याला १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिजे. वडील जालन्याकडचे. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर काम होतं म्हणाले, आणि आजोबा शाळेतच गेलेले नाहीत! ज्या घरातली पहिलीच पिढी शिकतेय, त्या घराने आजोबांची शाळा कुठून आणायची? वडील दोनदा गावी जाऊन आले, नाक्यावरची मजुरी बुडवून. जुना सातबारा शोधला, चुलत्यांचे कागद शोधले. दाखला हातात आला तेव्हा महाज्योतीची मुदत उलटून गेली होती.

एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्तीही आहे म्हणा. आठवीला परीक्षा, मग नववी ते बारावी वर्षाला १२ हजार. आहे ते योग्य वेळेला आहे, पण महिन्याचे हजार रुपये झाले ते. ठाण्यात हजार रुपयांत काय येतं ते मी सांगायला नको.

कंपन्यांचा तर मला खरंच राग येतो. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर खर्च करायचा कायदा आहे, आणि आपल्या आजूबाजूला वागळे इस्टेटपासून ठाणे-बेलापूर रोडपर्यंत कंपन्याच कंपन्या आहेत. आणि फोटो कसले बघतो आपण? दप्तरं. कंपनीचं नाव छापलेली दप्तरं आणि दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा चेक. अरे, एखादं महापालिकेचं किंवा अनुदानित कॉलेज घ्या. तिथल्या वीस मुलांची दोन वर्षं पूर्ण घ्या अंगावर. क्लास, येण्याजाण्याचा पास, सीईटीच्या अर्जाची फी, रविवारी कॉम्प्युटर लॅब उघडी, आणि कॅपचा ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरताना शेजारी बसणारं एक जाणकार माणूस. पेरणीला बियाणं द्यायचं सोडून मळणीला हार घेऊन उभे राहतात सगळे.

ठाण्यातच विद्यादान सहाय्यक मंडळ आहे. पैसे तर देतातच, पण त्यांचे कार्यकर्ते मुलांच्या संपर्कात राहतात, काय अडलंय ते विचारत राहतात. म्हणजे होऊ शकतं. पण प्रत्येक मुलापर्यंत एक संस्था कशी पोचणार?

हो, काही मुलं क्लास न लावता पुढे जातात. आणि हो, काही जण फी भरूनही अभ्यास करणार नाहीत. जातील थोडे पैसे वाया. आपल्या पोरांवर गेलेले कोण मोजतं?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. ते काका वाईट नाहीत, हेही सांगायला हवं. करोनात ताईंना घरी बसवून महिनोन्महिने पूर्ण पगार देणारे आमच्या बिल्डिंगमध्ये पहिले तेच. मी पण त्यांचं बघूनच दिला. तेव्हा त्यांनी आधी पोळ्या करा, मग पैसे, असं नव्हतं म्हटलं. माणसाला त्या वेळी गरज आहे म्हणून दिले होते. काका, ही पोस्ट तुम्ही वाचणार हे मला माहितीय. धाकटीला गरज आत्ता आहे. जून आहे, बॅच सुरू होतेय. दोन वर्षांनी पाकीट देऊन तिला बारावीच्या सुट्टीत अकरावीचं फिजिक्स शिकता येणार नाही, आणि सीईटीत अकरावीवर २० टक्के प्रश्न असतात.

मीटिंगमध्ये जे झालं ते झालं, मंडळाचे पैसे मंडळाकडे राहू देत. मी क्लासच्या सरांशी दुपारी फोनवर बोलले. फी चार हप्त्यांत घेतील, थोडी कमीही करतील. पहिला हप्ता ३० हजार, या महिनाअखेरपर्यंत. दहा हजार मी घालतेय. उरलेल्यासाठी ज्यांना जमेल त्यांनी मला मेसेज करा, पाचशे दिले तरी चालतील. पैसे थेट क्लासच्या खात्यात जातील, पावती धाकटीच्या नावाची निघेल, ती मी ग्रुपवर टाकीन. सत्कार, फोटो काही नाही. कुणाच्या घरी जुना पण चालू कॉम्प्युटर पडून असेल तर तोही सांगा, माउससकट. ठेवायला जागा मी बघते, आमच्या हॉलमध्ये एक टेबल रिकामं करते. शनिवार-रविवार ती येऊन बसेल.