छायाचित्राखालची ओळ

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तर द्यायला चार दिवस लागले, कारण पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर रागाच्या भरात लिहिलं असतं. 'छायाचित्र म्हणजे साक्ष' असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही साक्ष नाही, दुसऱ्याच्या दुःखाची विक्री आहे, फोटो काढणाऱ्याला बक्षीस मिळतं आणि फोटोतला माणूस होता तिथेच राहतो, माणुसकी असेल तर कॅमेरा खाली ठेवून आधी मदत करावी. दाखला म्हणून तुम्ही छायाचित्रकार केविन कार्टरचं सुदानमधल्या दुष्काळातलं छायाचित्र दिलंत, जमिनीवर कोसळलेलं मूल आणि मागे गिधाड, आणि 'खरं गिधाड कॅमेऱ्यामागे होतं' असं लिहिलंत.

तो फोटो पुन्हा उघडा आणि मुलाचं मनगट पाहा. पांढरी पट्टी आहे. अन्नवाटप केंद्रात नोंद झालेल्या मुलांना ती बांधलेली असे. म्हणजे कोणीतरी त्याची नोंद घेतली होती. १९९३ मध्ये फोटो छापला गेला, १९९४ मध्ये त्याला पत्रकारितेतलं पुलित्झर पारितोषिक मिळालं, त्याच वर्षी कार्टर वारला, आणि जग त्या मुलाला मुलगी समजत राहिलं. तो मुलगा होता आणि त्या दुष्काळातून वाचला होता, हे २०११ मध्ये एका स्पॅनिश वृत्तपत्राने त्याच्या घरच्यांना गाठलं तेव्हा कळलं. अठरा वर्षं! हळहळणाऱ्यांनी नाही, शिव्या घालणाऱ्यांनीही नाही, ती पट्टी कोणीच नीट पाहिली नाही. कार्टरची वकिली करायला मी हे सांगत नाही. गिधाड पंख पसरेल म्हणून तो वाट पाहत थांबला, हे माझ्याही पचनी पडत नाही.

पण 'कॅमेरा खाली ठेवा' हे सरसकट मान्य नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये ऑशविट्झ-बिर्केनाऊ या नाझी छळछावणीत प्रेतं जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या ज्यू कैद्यांनी जिवावर उदार होऊन चार फोटो काढले. त्यांतल्या एकात फक्त झाडांच्या फांद्या आणि आभाळ आहे. डोळ्याला कॅमेरा लावायची सोयच नव्हती. फिल्म टूथपेस्टच्या ट्यूबमधून बाहेर गेली. सोबतच्या चिठ्ठीत मागणी कसली होती? आणखी दोन रोल लवकर पाठवा. ज्यांच्यावर बेतलं होतं त्यांनाच फोटो हवे होते. त्या फांद्यांच्या फोटोसमोर मी दर वेळी गप्प होते.

आता तुमचा दुसरा मुद्दा, फोटोतला माणूस होता तिथेच राहतो हा. तो खरा आहे आणि लेखात मी त्याला बगल दिली, हे कबूल करते. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँगचं 'स्थलांतरित आई' हे छायाचित्र मी डोक्यावर घेतलं होतं. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाण्याचं पीक थंडीने गेलेलं, तोडणीला आलेले मजूर उपाशी. लँग सरकारी पगारावर होती, या फोटोच्या विक्रीतून तिला काही मिळालं नाही, त्यामुळे 'विक्री' हा शब्द इथे लागू पडत नाही. फोटो वर्तमानपत्रात आल्यावर मजुरांच्या छावणीकडे वीस हजार पौंड वजनाचं अन्न रवाना झालं. तोवर ती बाई मुलांना घेऊन पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती. लँगने तिचं नावच विचारलं नव्हतं. हे तिने स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. तंबूचा खांब धरलेला एक अंगठा चौकटीच्या कोपऱ्यात आला होता, तो नंतर निगेटिव्हवरून पुसट करून टाकला. अंगठ्याकडे इतकं बारीक लक्ष, आणि नाव राहून गेलं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला १९७८ मध्ये समजलं, आणि हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं होतं. ती चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळनिवासी जमातीतली होती. गोऱ्या शेतकरी कुटुंबांच्या हालांचा चेहरा म्हणून जो मिरवला गेला, तो एका आदिवासी बाईचा होता. तिची गरिबी जगाने पाहिली आणि तिची ओळख तिच्याकडून काढून घेतली. हाही अन्यायच, आणि तो फोटोमुळे झाला.

म्हणून मला वाटतं, दोष कॅमेऱ्यात शोधण्याआधी फोटोखालच्या ओळीत शोधावा. छायाचित्रकार लुइस हाइन १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्यांत, खाणींत जाऊन बालमजुरांचे फोटो काढत होता. मालक आत घेईनात म्हणून कधी बायबल विकणारा बनून जायचा. खिशातल्या खिशात टिपणं घ्यायचा आणि मुलांची उंची आपल्या कोटाच्या बटणांवरून मोजायचा. दक्षिण कॅरोलिनातल्या एका सूतगिरणीतल्या मुलीच्या फोटोखाली त्याने लिहिलंय: सेडी फायफर, उंची ४८ इंच, सहा महिन्यांपासून कामावर. एवढं लिहिलेलं असलं की मालकाला 'ही फक्त आईचा डबा घेऊन आली होती' असं म्हणता येत नाही. बालमजुरीवर देशभर लागू होणारा आणि टिकलेला कायदा यायला १९३८ उजाडलं, तोवर सेडीचं बालपण केव्हाच संपलं होतं. फोटोने लगेच न्याय मिळतो, असा माझा दावा नाही.

कार्टरबद्दल आपलं एकमत होणार नाही, तरी मूळ लेखातली एक ओळ आज बदलली. लँगच्या छायाचित्राखाली मी 'एक भुकेली आई' एवढंच लिहिलं होतं. आता तिथे आहे: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी, वय ३२, शेतमजूर, निपोमो, मार्च १९३६.