डायनॅमिक लिंक केलं की सुटलो?

नमस्कार सर,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ओपन सोर्स लायब्ररी डायनॅमिक लिंक केली, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये ठेवून प्रोग्राम चालताना जोडली, की आपला क्लोज्ड कोड सुरक्षित राहतो, मी उगाच लायसन्सचा बागुलबुवा उभा करतो आणि पुण्यातल्या छोट्या कंपनीला जाब विचारायला कोणी येत नाही.

पहिलं म्हणणं एलजीपीएल या सौम्य ओपन सोर्स लायसन्सपुरतं बरंचसं खरं आहे. तुमचा कोड बंद ठेवायला ते लायसन्स मुभा देतं. मात्र ग्राहकाला लायब्ररी बदलून तुमचं सॉफ्टवेअर पुन्हा चालवता आलं पाहिजे. डीएलएल, म्हणजे लायब्ररीची वेगळी फाइल असली की ते सहज जमतं. स्टॅटिक लिंक केलं, म्हणजे लायब्ररी आपल्याच फाइलमध्ये मिसळली, तर आपल्या कोडच्या ऑब्जेक्ट फाइल्स (कंपाइल झालेले तुकडे) द्याव्या लागतात. आणखी एक अट सगळे विसरतात. असे बदल करताना डीबगिंगसाठी रिव्हर्स इंजिनिअरिंग (तयार प्रोग्राम उलगडून पाहणं) करू द्यायचं, असं एलजीपीएल २.१ सांगतं आणि आपल्याकडच्या करारांत तर त्यावर सरसकट बंदी असते. कोड कितीही नीट लिंक करा, अट तिथे कागदावरच मोडते.

जीपीएल या कडक लायसन्सचं तसं नाही. ते लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते लिंक स्टॅटिक असो वा डायनॅमिक, वाटप करताना सगळं मिळून एकच काम धरलं जातं, म्हणजे तुमचा कोडही जीपीएलखाली खुला करावा लागतो.

एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरचंच घ्या. ते मुळात एलजीपीएल. पण एक्स२६४ हा जीपीएलखालचा व्हिडिओ एन्कोडर हवा म्हणून कोणी बिल्ड करताना 'एनेबल-जीपीएल' हा पर्याय दिला, की ती अख्खी बिल्ड जीपीएलखाली जाते. नेटवरून उचललेल्या तयार बायनरीत हे सर्रास आढळतं. भोसरीत कॅमेऱ्याचं रेकॉर्डर बनवणाऱ्याने 'एफएफएमपेग -व्हर्जन' एवढी कमांड चालवून 'कॉन्फिगरेशन'ची ओळ वाचावी. सगळं तिथे लिहिलेलं असतं.

राहिला प्रश्न कोण विचारतो याचा. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये जीपीएलखालचं लिनक्स असल्याचं २००३ साली उघड झालं आणि सोर्स कोड खुला करावा लागला. त्यातूनच ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं सॉफ्टवेअर उभं राहिलं. लिंकसिस उत्पादनांवरूनच २००८ मध्ये फाउंडेशनने लिंकसिसची तेव्हाची मालक कंपनी सिस्कोवर दावा लावला, २००९ मध्ये तडजोड झाली. राउटरवर नाव एकाचं, आतली चिप दुसऱ्याच कंपनीची, ब्रॉडकॉमची. पुण्यातल्या कंपन्या बहुतेकदा अशाच साखळीत खालच्या कडीवर असतात. हिंजवडीतल्या टीमला कोर्टाची नोटीस येणारही नाही, पण परदेशी क्लायंट डिलिव्हरीआधी कोड स्कॅन करतो, करारात नुकसानभरपाईचं कलम असतं आणि शेवटी ज्या नवख्या मुलाने लायब्ररी जोडली त्याच्याच डोक्यावर खापर फुटतं. मला राग येतो तो याचा. त्याला लायसन्स वाचायला कोणी शिकवलेलंच नसतं.

सर्व्हरवरच चालणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. तिथे वाटपच होत नाही, म्हणून जीपीएलची अट लागू होत नाही. फक्त एजीपीएल (सर्व्हरवरच्या वापरालाही लागू होणारं लायसन्स) कोडमध्ये बदल केला असेल तर वापरकर्त्यांना सोर्स द्यावा लागतो. एमआयटी, बीएसडी या सैल लायसन्सना मूळ कॉपीराइट सूचना आणि लायसन्सचा मजकूर जपला की पुरे.

'मग वापरूच नये का?' असंही तुम्ही विचारलंत. जरूर वापरा! लिहिणाऱ्याने आपली मेहनत अटीवर दिली आहे, ती अट पाळून वापरा. एक्स२६४ बंद उत्पादनात हवंच असेल, तर त्याचं व्यावसायिक लायसन्स विकत मिळतं. नको असेल तर सिस्कोचं ओपनएच२६४ बीएसडीखाली आहे, किंवा चिपमधलाच एन्कोडर वापरा. हे डिझाइन ठरतानाच ठरवा. रिलीजच्या आठवड्यात एन्कोडर बदलणं कुणालाच परवडत नाही.