पंपिंग ३० टक्के म्हणजे स्नायू मेला? आधी ठोके तपासा

‘हृदयाचं पंपिंग ३० टक्क्यांवर आलं की स्नायू मेला, तो पुन्हा उभा राहत नाही. ठोके बिघडतात ते त्यामुळेच. आणि ऑक्सिमीटरवर नाडी ठीक असेल तर ठोक्यांची काळजी नको,’ असा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. पंपिंग म्हणजे दर ठोक्याला हृदयाचा डावा खालचा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, ते. बरा होऊ शकणारा पेशंट हे वाचून हात टेकेल, म्हणून हे उत्तर.

हार्ट अटॅकमध्ये मेलेला भाग परत येत नाही, हे खरं. पण पंपिंग घसरण्याचं कारण दरवेळी तेच नसतं. ठोके आठवडेच्या आठवडे मिनिटाला १०० च्या वर धावत राहिले, तर पेशींतला ऊर्जेचा साठा आटतो, कॅल्शियमची ने-आण बिघडते, डावा कप्पा फुगतो. स्नायू दमलेला असतो, मेलेला नव्हे. औषधांनी किंवा अब्लेशनने (ठोके बिघडवणारी हृदयातली जागा नळीवाटे निकामी करण्याने) ठोके ताब्यात आले, की तीन ते सहा महिन्यांनंतरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) अनेकांचं पंपिंग ५० च्या पुढे गेलेलं दिसतं.

आधी काय बिघडलं, ठोके की स्नायू, हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. दोन्ही शक्य असतं. फ्लटर हा ठोक्यांचा बिघाड तर तपासताना हमखास निसटतो. त्यात वरचे कप्पे मिनिटाला सुमारे ३०० वेळा फडफडतात आणि बहुधा दर दुसरा ठोका खालच्या कप्प्यांत उतरतो. म्हणून बसा, झोपा, नाडी १५० च्या आसपास खिळलेली. घाबरल्याने वाढलेली नाडी अशी एका आकड्यावर अडून राहत नाही. ईसीजी नीट पाहायला हवा.

ऑक्सिमीटरचा मुद्दा सर्वांत घातक. वेळेआधी पडलेल्या एक्स्ट्रा ठोक्याच्या वेळी कप्पा पुरता भरलेलाच नसतो, त्यामुळे त्याची लाट बोटापर्यंत पोचत नाही. दर दुसरा ठोका असा असेल, तर हृदय ८० वेळा आकुंचन पावतं आणि यंत्र ४० दाखवतं. खरा हिशेब होल्टरवर, म्हणजे अंगावर लावून २४ तास ठोके नोंदवणाऱ्या यंत्रावर कळतो. दिवसाचे साधारण एक लाख ठोके. त्यांतले १० हजारांहून जास्त एक्स्ट्रा असतील तर इको करून पंपिंगवर लक्ष ठेवावं लागतं. २० हजारांपुढे धोका बराच वाढतो.

दोन चुका मात्र महागात पडतात. पंपिंग कमी असताना ठोके मंद करायला व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम दिलं, तर आकुंचन आणखी ढिलं पडतं. आणि इको सुधारला म्हणून मनानेच गोळ्या बंद केल्या व ठोके पुन्हा बिघडले, तर पंपिंग पहिल्यापेक्षा लवकर कोसळू शकतं. एट्रियल फिब्रिलेशनमधली (वरचे कप्पे अनियमित थरथरतात त्या आजारातली) रक्त पातळ करणारी गोळी तर पंपिंग सुधारलं म्हणून थांबवायची नसते. ती पक्षाघाताचा धोका पाहून ठरते.